थरथरता हात आणि विजेची तार

वय झालं की हात थरथरायचेच, असे आपण किती सहज म्हणून जातो! पण सगळीच थरथर वयाची नसते. मांडीवर स्वस्थ ठेवलेला हात थरथरतो अन् कामाला उचलला की शांत होतो, अक्षर मुंगीएवढे होत जाते, हसरा चेहरा उगाच गंभीर दिसू लागतो, तेव्हा कंपवाताची शंका घ्यावी. लंडनच्या डॉक्टर जेम्स पार्किन्सनने १८१७ साली अवघ्या सहा रोग्यांवरून त्याचे वर्णन लिहिले. त्यांतले काही तर त्याला रस्त्यातच दिसलेले!

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भावोजी, नऊ वर्षे ह्या रोगाशी झगडत आहेत. मेंदूच्या बुडाशी काळसर पेशींचा एक पुंजका असतो. त्या झिजल्या की डोपामीन नावाचे द्रव्य कमी पडते आणि हालचालींचा ताल बिघडतो. लेव्होडोपाची गोळी ही उणीव भरून काढते. पण वर्षे सरतात तसा गोळीचा अंमल लवकर उतरू लागतो. कधी अंग आखडते, तर कधी नको असताना वळवळते. भावोजींचा सारा दिवस हल्ली घड्याळाकडे बघण्यात जातो.

आता डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवले आहे. ताईने मला विचारले, "मग हे पूर्वीसारखे होतील ना रे?"

ह्याचे उत्तर 'नाही' असे आहे; आणि तरीही ऑपरेशनला 'हो' म्हणण्यासारखे पुष्कळ आहे.

पूर्वी कंप थांबवण्यासाठी मेंदूतला लहानसा भाग जाळीत. १९८७ साली फ्रान्समध्ये ग्रनोबल येथे डॉक्टर बेनाबिद जाळण्यापूर्वी विजेने जागा तपासत होते. स्पंदने सेकंदाला शंभराच्या घरात नेली, तो कंप थांबला. वीज बंद करताच पुन्हा सुरू! मग जाळायचे कशाला? तारच आत ठेवावी! पुढे १९९३ पासून मेंदूतल्या दुसऱ्या एका केंद्रात तार ठेवून नुसता कंपच नव्हे, तर ताठरपणा अन् मंदपणाही कमी करता येऊ लागला. तार कातडीखालून छातीपर्यंत आणतात आणि तिथे पेसमेकरसारखी बॅटरी बसवतात. विजेचे मान बाहेरून कमीजास्त करता येते.

नियम सोपा आहे: गोळीने जे सुधारते, तेच बहुधा तारेनेही सुधारते, आणि दिवसभर सुधारलेले राहते. गोळ्याही पुष्कळदा कमी होतात. मात्र ढळलेला तोल, विसरभोळेपणा, अडखळते बोलणे ह्यांवर तारेचा भरवसा धरू नये. बोलणे कधी अधिकच बिघडते. रोग आतून पुढे सरकतच असतो. रक्तस्रावाचा, जंतुसंसर्गाचा थोडा धोका आहे, आणि खर्च लाखांत आहे.

आपल्याकडे असले निर्णय सारे घर घेते, अन् ज्याच्या डोक्याला भोक पडायचे तो कोपऱ्यात बसून ऐकतो. म्हणून मी भावोजींनाच विचारले, "तुम्हांला काय हवंय?"

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "सदऱ्याची बटणं माझी मला लावता यावीत."

वाचकहो, डॉक्टरांपुढे ठेवावा तो असाच नेमका प्रश्न. 'बरे होतील का?' असे विचारू नका. 'बटणे लावता येतील का?' असे विचारा. त्याला निदान खरे उत्तर मिळते.