खोडरबरी विज्ञान

अखेर ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेने अल्झायमरवरचा तो गाजलेला शोधनिबंध मागे घेतला. छापला २००६ साली, मागे घेतला २०२४च्या जूनमध्ये. मधल्या १८ वर्षांत सुमारे अडीच हजार निबंधांनी त्याचा दाखला दिला. मागे घेण्याचे कारण? चित्रांत जोडकाम, त्याच त्या पट्ट्या पुन्हा वापरल्याच्या खुणा आणि संगणकातले खोडरबर! उंदरांच्या मेंदूतल्या प्रथिनाच्या या काळ्या-करड्या पट्ट्यांवरच तर ते प्रथिन स्मृती बिघडवते हा दावा उभा होता. मूळ चित्रे दाखवा म्हटले, तर काही सापडतच नाहीत म्हणे. जीएसटीवाला विचारेल या धाकाने किराणा दुकानदारसुद्धा सहा-सहा वर्षे पावत्या जपतो!

तरी निबंधाच्या ज्येष्ठ लेखिका कॅरन ॲश यांना निष्कर्ष आजही खरा वाटतो. असेलही. पण तो पडताळायचा कशावर? व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या मॅथ्यू श्राग यांनी हा घोळ उघडकीस आणला तो छापील चित्रे बारकाईने तपासून. कच्ची विदा पहिल्याच दिवशी खुली असती, तर या कामाला १६ वर्षे लागली नसती.

निबंधांच्या तळाशी एक वाक्य हमखास असते: ‘रास्त विनंती केल्यास विदा उपलब्ध करून देऊ’. अशा १,७९२ निबंधांच्या लेखकांना काही संशोधकांनी खरोखरच पत्रे पाठवून पाहिली. विदा दिली १२२ जणांनी. उरलेल्यांनी नकार दिला किंवा उत्तरच दिले नाही. हे वाक्य थापच आहे, आणि संपादक ती वर्षानुवर्षे छापत आहेत. रुग्णांच्या खासगीपणाची अडचण खरी. तिथे नावे झाकून, परवानगीने विदा देता येते. पण उंदरांचा कसला खासगीपणा?

आपल्याकडे वेगळे काय? २०२१च्या एप्रिलमध्ये करोनाने माणसे मरत असताना शेकडो भारतीय शास्त्रज्ञांना आयसीएमआरकडची चाचण्यांची विदा मिळावी म्हणून पंतप्रधानांकडे अर्ज करावा लागला. करदात्याच्या पैशातून जमलेली माहिती, आणि तिच्यासाठी करदात्याच्याच पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळांची याचना. पुढे २०२२ साली फरिदाबादला जैविक विदेचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. उत्तम. आता कोठार आहे, तर धान्य घरात कशाला दडवायचे? अनुदानाचा शेवटचा हप्ता विदा जमा केल्याच्या पावतीशिवाय सोडू नका. प्राध्यापकाच्या पदोन्नतीच्या अर्जालाही तीच पावती जोडायला लावा.