रिकामी खाट वाया जात नाही

आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलेल्या रुग्णाला सकाळी सांगितले जाते, ‘आज ऑपरेशन होणार नाही.’ सर्जन हजर असतात, थिएटरही तयार असते; नसते ती अतिदक्षता विभागातली एक खाट. नातेवाइकांची बुडालेली मजुरी आणि पुन्हा कराव्या लागणाऱ्या तपासण्या यांचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

दोष बहुधा अचानक आलेल्या अत्यवस्थ रुग्णांवर जातो. तो पूर्णपणे खरा नाही. अमेरिकेत बोस्टनमध्ये युजीन लिटवाक यांनी रुग्णालयांतील गर्दीचा अभ्यास केला. तातडीच्या रुग्णांचा ओघ बराचसा अंदाजात बसतो. मोठे चढउतार अनेकदा पूर्वनियोजित शस्त्रक्रियांमुळे होतात, असे त्यांना दिसले. सर्जनच्या सोयीने काही वारी मोठ्या शस्त्रक्रियांची गर्दी होते, काही वारी खाटा ओस पडतात. म्हणजे टंचाईचा काही भाग वेळापत्रकानेच निर्माण केलेला असतो.

दुसरा गैरसमज, सगळ्या खाटा भरलेल्या म्हणजे कारभार उत्तम. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, खाटांचा सरासरी भरणा ८५ टक्क्यांच्या वर गेला की धोका जाणवू लागतो आणि ९० टक्क्यांवर खाटांची टंचाई नित्याची होते. कारण उघड आहे. बायपासनंतर एखादा रुग्ण दोन दिवसांत अतिदक्षता विभागातून बाहेर येतो, तर दुसऱ्याला आठवडा लागतो. कोण कधी बाहेर येईल, हे आधी सांगता येत नाही. एका खिडकीच्या रांगेचे साधे गणित पाहा: खिडकीवरचा ताण ८० टक्क्यांवरून ९० वर गेला की लागणारा सरासरी वेळ दुप्पट होतो, ९५ वर गेला की पुन्हा दुप्पट.

उपाय केवळ नव्या इमारतींत नाही. शस्त्रक्रियेची तारीख थिएटर मोकळे आहे का एवढेच पाहून न देता, नंतर लागणारी खाट पाहून द्यावी. मोठ्या शस्त्रक्रिया आठवडाभर सारख्या वाटाव्यात. किती वेळ लागेल, हे अंदाजाने नव्हे तर जुन्या नोंदींवरून ठरवावे. तातडीच्या रुग्णांसाठी काही खाटा राखून ठेवाव्यात. यासाठी सर्जनना आपला ठरलेला वार सोडावा लागेल. खरी अडचण तिथेच आहे.

किती शस्त्रक्रिया झाल्या, हे रुग्णालये अभिमानाने सांगतात. ऐन दिवशी किती रद्द झाल्या, तो आकडाही दरमहा फलकावर लावावा.