अंगावरचे पित्त आणि पोटातले पित्त

आपल्या मराठीत ‘पित्त’ या एका शब्दावर फार भार आहे. छातीत जळजळले तरी पित्त, कडू उलटी झाली तरी पित्त आणि अंगावर लाल गांधी उठल्या तरी पित्तच. गांधींना आमसूल चोळावे, जळजळीवर थंड दूध घ्यावे, एवढा भेद आजीला ठाऊक असे. गुजरातीत मात्र गांधींसाठी ‘शीळस’ हा वेगळा शब्द आहे. त्यामुळे पर्वत पाटिया, लिंबायत, डिंडोली भागातील खानदेशी बाई गुजराती डॉक्टरांना ‘मला पित्त होते’ असे सांगते, तेव्हा तिच्या हाती आम्लपित्ताच्या गोळीची चिठ्ठी पडते. त्यात त्या डॉक्टरांचा दोष नाही. मी मात्र मराठी. मला ती सबब नाही. तरीही एका रुग्णाच्या बाबतीत हा शब्द मी दोन वर्षे अर्धाच ऐकला.

चाळिशीतील ही गृहिणी घरी साड्यांना लेस लावण्याचे काम करते. (तिच्या संमतीने लिहीत आहे; ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.) मधूनच तिचा चेहरा लाल होई, अंगातून वाफा निघाल्यासारखे वाटे, पोटात मुरडा येऊन जुलाब होत, डोळ्यांपुढे अंधारी येई. तासाभरात सारे शांत. दवाखान्यात पोहोचेपर्यंत नाडी ठीक, रक्तदाब ठीक. पोटाच्या तज्ज्ञांनी आतड्याची संवेदनशीलता सांगितली, त्वचेच्या तज्ज्ञांनी अॅलर्जी. थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे सापडली म्हणून थायरॉइडची गोळी सुरू झाली. पुढे एएनए चाचणी पॉझिटिव्ह आली आणि ‘ऑटोइम्यून’ हा शब्द फाइलवर चढला. स्टेरॉइडने काही दिवस बरे वाटले, तेव्हा त्या शब्दावर शिक्कामोर्तबच झाले. त्रास पुन्हा सुरू झाल्यावर ‘मनाचे आहे’ असे सांगणाऱ्यांत मीही होतो. घरच्यांना तेवढेच हवे होते. काम टाळण्याचे ढोंग म्हणून तिला बोल लागले.

एके दिवशी पाठदुखीसाठी माझ्याच दवाखान्यात तिला डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन दिले. दहा मिनिटांत ती कोसळली, रक्तदाब लागेना. अॅड्रिनलिन देण्यासाठी मांडी उघडी केली, तेव्हा तिथे पसरलेले तपकिरी डाग मी प्रथम पाहिले. काही दिवसांनी त्यातला एक डाग हलकेच घासला, तर दोन-तीन मिनिटांत तिथे गांध उभी राहिली. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ दारिए यांच्या नावाने हे लक्षण आपण सर्वांनी परीक्षेपुरते पाठ केलेले असते. ती शांतपणे म्हणाली, “डॉक्टरसाहेब, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, पित्ताचे डाग आहेत म्हणून.”

मास्ट पेशींचे नाव पॉल एर्लिश यांनी १८७८ साली आपल्या प्रबंधात दिले. कणांनी गच्च भरलेली ही पेशी त्यांना चांगली पोसलेली वाटली. त्वचा, आतडी, श्वासनलिका, रक्तवाहिन्यांचा परिसर, म्हणजे शरीराच्या सीमेवरच या पेशींचा पहारा असतो. त्या फुटल्या की हिस्टामिन व इतर द्रव्ये एकदम बाहेर पडतात, आणि त्वचेवर गांधी, पोटात मुरडा, रक्तदाबाची घसरण हे सारे एकाच क्षणी घडते. हिस्टामिन जठरातील आम्लही वाढवते. म्हणजे या आजारात अंगावरचे पित्त आणि पोटातले पित्त यांचे मूळ खरोखरच एक असू शकते. आजीला मास्ट पेशी ठाऊक होत्या, असे मला म्हणायचे नाही. असले दावे हल्ली फार होतात. पण रुग्णाने एका शब्दात जे सांगितले होते, त्याचे आम्ही चार विभागांत चार तुकडे केले, एवढे खरे.

त्या दिवशी माझ्या हातून आणखी एक चूक झाली. मी रक्त घेतले नाही. ट्रिप्टेज हे मास्ट पेशीतले द्रव्य झटक्यानंतर थोडाच काळ वाढलेले असते. नमुना चार तासांच्या आत, शक्यतो पहिल्या दोन तासांत घ्यावा लागतो. मग झटका पूर्ण ओसरल्यावर किमान चोवीस तासांनी दुसरा नमुना. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१२ साली मांडलेल्या निकषानुसार, मूळ पातळीच्या १.२ पटीत २ नॅनोग्रॅम मिळवून येणाऱ्या आकड्याइतकी किंवा त्याहून अधिक वाढ झाली, तरच ती झटक्याची खूण. मूळ पातळी १० असेल, तर झटक्यात किमान १४ हवी. रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत ही वेळ टळलेली असते. ती हाती असते गल्लीतल्या दवाखान्याच्या.

या बाईंची मूळ पातळीच २० च्या वर निघाली. त्वचेच्या तुकड्यात व नंतर अस्थिमज्जेत मास्ट पेशींचे पुंजके सापडले, केआयटी जनुकातील नेहमीचा बदलही आढळला. निदान झाले: मंदगतीचा सर्वांगीण मास्टोसायटोसिस. मग ‘ऑटोइम्यून’चे काय? थायरॉइडचा आजार खराच होता, तो शेजारी नांदत होता. एएनएची मात्र मात्रा अगदी कमी होती. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुदेशीय अभ्यासात १:४० या पातळीला सुमारे ३२ टक्के निरोगी माणसांची ही चाचणी पॉझिटिव्ह आली होती. केवळ तेवढ्यावर कोणाला आयुष्यभराचा आजार बहाल करू नये.

याची दुसरी बाजूही आहे. सहा आठवड्यांहून अधिक काळ गांधी उठत राहणाऱ्या काही रुग्णांत शरीर स्वतःच्याच मास्ट पेशींना डिवचणारी प्रतिपिंडे बनवते. हिडे, ग्रीव्ह्ज आदींनी १९९३ साली ते दाखवले. तिथे मास्ट पेशी निर्दोष असते, तिला चिथावणारा वेगळा असतो. तिसरीकडे, रंगाई मिलमधल्या कामगाराच्या गांधी व दमा हे रिॲक्टिव्ह रंगांच्या भुकटीमुळे असू शकतात. त्याला सुट्टीच्या दिवशी कसे वाटते, हे विचारले तरी पुष्कळ उलगडते. अलीकडे मोबाइलवर वाचून ‘मला मास्ट सेलचा आजार आहे’ असे सांगत येणारेही वाढले आहेत. त्यांना हसू नये, पण आकड्याशिवाय हे नाव देऊही नये. चुकीचे नाव लागले की खरा शोध थांबतो. या बाईंचा तो ‘ऑटोइम्यून’ शब्दाने थांबला होता.

आता दोन प्रकारच्या हिस्टामिनरोधक गोळ्यांवर त्या बऱ्याच स्थिर आहेत. स्वतः टोचायचे अॅड्रिनलिनचे पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून अॅम्प्युल फोडून अर्धा मिलीलिटर मांडीत कसे द्यावे, ते त्यांच्या पतीला शिकवले आहे.

मंडळाच्या सदस्यांना माझी विनंती आहे. झटक्यातला रुग्ण दारी आला, तर प्रथम उपचार. पण तो सावरताच साध्या बाटलीत रक्त घ्या, बाटलीवर झटक्याची आणि नमुन्याची वेळ लिहा, सीरम वेगळे करून थंड ठेवा. आणि महिन्यातून एकदा निदान न झालेल्या एका रुग्णाचे सर्व कागद, त्याच्या संमतीने, एका टेबलावर पसरून त्वचेचे, पोटाचे, मनाचे असे आपण सारे एकत्र बसू. माझ्याकडे सध्या एका तरुणाची अशी फाइल आहे. झटक्यातले ट्रिप्टेज दोनदा वेळेत घेतले, दोन्ही वेळा वाढलेले नव्हते. झटके मात्र चालूच आहेत. पहिल्या बैठकीला तीच फाइल आणतो.