विश्लेषण : वाघनखे बघायला गर्दी कुठे जास्त? संग्रहालयांच्या आकड्यांची तुलना कशी फसते?

वस्तू एकच, शहरे तीन. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून तीन वर्षांसाठी आणलेली वाघनखे १९ जुलै २०२४ पासून साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे नागपूरकरांच्या अजब बंगल्यात गेली आणि त्यानंतर कोल्हापुरात. ही वाघनखे नेमकी महाराजांचीच का, हा वाद वेगळा. तशी खात्री देता येत नसल्याचे खुद्द लंडनच्या संग्रहालयानेही म्हटले आहे. इथला प्रश्न त्याहून साधा आहे : जास्त लोक कुठे आले?

दर महिन्याचे आकडे मिळवायचे, बेरीज करायची आणि ज्याचा खांब उंच तो पहिला, असा तक्ता पाच मिनिटांत तयार होतो. व्हॉट्सॲपवर फिरायला तर त्याहून कमी वेळ लागतो. पण असा तक्ता अनेकदा संग्रहालयापेक्षा कॅलेंडर आणि हवामानच मोजत असतो.

सातारा आणि नागपूर यांची तुलना का जमत नाही?

साताऱ्याच्या वाट्याला जुलै ते जानेवारी हे महिने आले. सुरुवातीला धो-धो पाऊस. मग सप्टेंबरात कास पठार फुलते आणि पुण्या-मुंबईच्या गाड्या साताऱ्यामार्गे वर चढतात. त्यानंतर दिवाळीची सुट्टी आणि पुढे डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली. सप्टेंबरात संग्रहालयात गर्दी वाढली, तर ती वाघनखांची की कासच्या फुलांची? घरातून निघताना बहुतेकांच्या मनात दोन्ही असणार. तिकीट खिडकीवर ते कोणी विचारत नाही.

नागपूरला मिळाले फेब्रुवारीपासूनचे महिने. आधी परीक्षा, मग विदर्भातला उन्हाळा. पारा ४५ अंशांकडे सरकलेला असताना दुपारी दोन वाजता कोणी मुलांना घेऊन संग्रहालयात निघत नाही. त्यातच १४ फेब्रुवारी २०२५ ला ‘छावा’ प्रदर्शित झाला आणि मराठ्यांच्या इतिहासाविषयीची उत्सुकता राज्यभर एकदम वाढली. मार्चमध्ये मात्र नागपूरच्या काही भागांत संचारबंदी होती. म्हणजे एक धक्का वर, एक खाली, आणि दोन्हींचा संग्रहालयाच्या कामगिरीशी काडीचा संबंध नाही. अशा स्थितीत साताऱ्याचा आकडा मोठा आला म्हणून नागपूरच्या कर्मचाऱ्यांना जाब विचारणे म्हणजे पावसाळ्यात कूलर का खपले नाहीत, असे दुकानदाराला विचारण्यासारखे आहे.

महिना म्हणजे नक्की किती दिवस?

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आठवड्याचे सातही दिवस उघडे असते, काही ठरावीक सुट्ट्या सोडल्या तर. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते. तीस दिवसांच्या महिन्यात एकाला जवळपास तीस दिवस मिळतात, दुसऱ्याला पंचवीस किंवा सव्वीस. मासिक बेरजेची तुलना करताना हा फरक कुठेच दिसत नाही. उघड्या दिवसांनी भागून सरासरी काढली की दिसतो. गणित चौथीचे आहे, तरी ते टाळले जाते.

सरासरीसुद्धा पूर्ण भरवशाची नाही, कारण रविवार आणि मंगळवार सारखे नसतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये शनिवार-रविवार मिळून आठ दिवस होते, तर मार्चमध्ये दहा. काहीही न करता मार्चला गर्दीचे पाव हिस्सा दिवस जास्त मिळाले.

मग ‘मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा’ असे सांगितले जाते. सल्ला बरा आहे, पण आपले सण इंग्रजी महिन्यांना जुमानत नाहीत. २०२४ मध्ये भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती, २०२५ मध्ये २३ ऑक्टोबरला. म्हणजे सुट्टीतल्या गर्दीचा मोठा भाग एका महिन्यातून दुसऱ्या महिन्यात गेला. दोन ऑक्टोबर शेजारी ठेवले तर ‘वाढ’ दिसू शकते आणि दोन नोव्हेंबर ठेवले तर ‘घट’. गणेशोत्सवाचेही तेच. २०२४ मध्ये तो ७ सप्टेंबरला सुरू झाला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासाठी हे किरकोळ नाही. त्या दिवसांत पेठांमधले रस्ते वाहनांसाठी कधी बंद होतील याचा नेम नसतो आणि बाहेरून आलेला माणूस आधी गणपतीच बघतो. इथे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर किंवा ऑगस्ट आणि सप्टेंबर एकत्र धरून बघणेच शहाणपणाचे.

मोजले काय जाते?

सहलीची एक बस येते, चाळीस-पन्नास मुले रांगेत एका दारातून आत आणि अर्ध्या तासात दुसऱ्या दारातून बाहेर. त्याच दिवशी एखादी आजी नातवाला घेऊन एकेका दालनात रेंगाळते. नोंदवहीत बसचे पन्नास, आजी-नातवाचे दोन. सहलीचे मोल कमी नाही, अनेक मुलांची संग्रहालयाशी तीच पहिली भेट असते. पण शाळांचा आकडा वेगळा दाखवला नाही, तर जानेवारी नेहमीच ‘यशस्वी’ आणि जून नेहमीच ‘अपयशी’ ठरतो.

भाऊ दाजी लाड संग्रहालय राणीच्या बागेला लागून आहे. मार्च २०१७ मध्ये बागेतले पेंग्विन लोकांना बघण्यासाठी खुले झाले आणि लोक लोटले. पण बागेची गर्दी म्हणजे संग्रहालयाची गर्दी नव्हे.

कधी कधी आकडा लोकांची आवड मोजतच नाही, जागा मोजतो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात २०१८ मध्ये १ कोटी २ लाख लोक आले होते, २०२४ मध्ये ८७ लाख. लोकप्रियता घसरली? लूव्रने २०२२ पासून दिवसाला साधारण ३० हजार लोकांची मर्यादा घातली आहे. मंगळवारी ते बंद असते. वर्षाचे सुमारे ३१० दिवस धरले तर कमाल ९३ लाख होतात. म्हणजे ८७ लाख हा जवळपास भरलेल्या भांड्याचा आकडा आहे.

याचा फटका कोणाला?

मोठ्या संग्रहालयांना फारसा नाही. आकडा पडला तरी त्यांचे नाव राहते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या छोट्या संग्रहालयाकडे मात्र निधी किंवा माणसे मागताना दाखवायला बहुतेक वेळा एवढा एकच आकडा असतो. मागच्या वर्षी तिथे एखादी गाजलेली वस्तू येऊन गेली असेल, तर यंदाचा नेहमीचा आकडाही ‘घसरण’ म्हणून वाचला जाईल.

यावर उपाय महाग नाही. महिन्याच्या बेरजेऐवजी रोजचा आकडा जाहीर करावा. त्यासोबत उघडे दिवस किती, शाळांची मुले किती आणि मोफत प्रवेश किती, हे चार रकाने पुरतात. तिकीट देताना ही माहिती तशीही समोर असते.

सातारा-नागपूरची तुलना सोडून द्यावी. साताऱ्याची साताऱ्याशीच तुलना जास्त बोलकी आहे : वाघनखे असतानाचे ऑगस्ट २०२४ ते जानेवारी २०२५ हे सहा महिने आणि ती गेल्यानंतरचे ऑगस्ट २०२५ ते जानेवारी २०२६. दोन्हींत पाऊस, कास, दिवाळी आणि सहली आहेत. नाहीत ती फक्त वाघनखे.