व्हिसाची मुदत, बंद सीमा आणि नवा कायदा : महासाथीचा धडा अजून अपुराच

लखनौ, 5 सप्टेंबर : परदेशी नागरिकांचा प्रवेश, वास्तव्य आणि प्रस्थान यांचे नियमन करणारा ‘स्थलांतर आणि परकीय नागरिक कायदा, 2025’ 1 सप्टेंबर 2025 पासून देशभर अमलात आला आहे. 1920, 1939, 1946 आणि 2000 सालचे चार जुने कायदे त्यामुळे इतिहासजमा झाले. परंतु सीमाच बंद झाल्यामुळे एखाद्याचे वास्तव्य बेकायदा ठरू लागले, तर काय करायचे, हा कोरोनाकाळाने उभा केलेला प्रश्न मात्र आजही कायम आहे.

त्या प्रश्नाची सुरुवात मार्च 2020 मध्ये झाली. केंद्र सरकारने 13 मार्चपासून मोजके अपवाद वगळता सर्व व्हिसा स्थगित केले. त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने थांबली आणि 25 मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. देशात असलेल्या परदेशी नागरिकांना परतीचा मार्ग राहिला नाही आणि व्हिसाची मुदत मात्र संपत चालली. गृह मंत्रालयाने विनाशुल्क मुदतवाढ दिली. मात्र तिच्यासाठी परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज करणे आवश्यक होते. अर्ज न करताही मुदत आपोआप वाढली असे मानण्याचा सुटसुटीत निर्णय व्हायला 4 जून 2021 उजाडला. त्या निर्णयानुसार 31 ऑगस्ट 2021 पर्यंतचे वास्तव्य दंडाविना ग्राह्य धरण्यात आले.

एकीकडे ही सवलत दिली जात असताना दुसरीकडे कठोर कारवाई सुरू होती. दिल्लीतील निजामुद्दीन मरकजच्या प्रकरणानंतर तबलिगी जमातशी संबंधित 960 परदेशी नागरिकांना 2 एप्रिल 2020 रोजी काळ्या यादीत टाकण्यात आले. पुढे ही संख्या 2,765 वर गेली आणि 11 राज्यांत 205 गुन्हे दाखल झाल्याचे केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितले. पर्यटक व्हिसावर येऊन धर्मप्रसार केल्याचा, म्हणजे व्हिसाच्या अटींचा भंग केल्याचा मुख्य आरोप होता. त्याच्या जोडीला साथरोग आणि आपत्ती व्यवस्थापन कायद्यांची कलमेही लावण्यात आली.

उत्तर प्रदेशात असे गुन्हे अनेक जिल्ह्यांत विखुरलेले होते. अनोळखी प्रदेश, अनोळखी भाषा आणि रद्द झालेला व्हिसा अशा स्थितीत आरोपींना वेगवेगळ्या न्यायालयांच्या तारखांची वाट पाहावी लागत होती. अखेर ऑगस्ट 2020 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने राज्यातील हे खटले लखनौ, मेरठ आणि बरेली येथील मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे एकत्र करण्याचा आदेश दिला. खटले जलद निकाली निघाल्याखेरीज मायदेशी परतण्याची वाट मोकळी होणार नव्हती.

महाराष्ट्रातील निकाल या संदर्भात अधिक मूलगामी ठरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 21 ऑगस्ट 2020 रोजी अहमदनगर जिल्ह्यातील 29 परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. धार्मिक स्थळांना भेट देणे किंवा प्रवचन ऐकणे यांवर पर्यटक व्हिसात बंदी नाही, असे न्या. तानाजी नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले. संकटकाळात बळीचा बकरा शोधण्याच्या प्रवृत्तीवरही निकालपत्रात बोट ठेवण्यात आले. काही निरीक्षणांबाबत न्या. सेवलीकर यांनी स्वतंत्र मत नोंदवले, तरी गुन्हे रद्द करण्याबाबत एकमत होते. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये नागपूर खंडपीठाने म्यानमारच्या आठ नागरिकांवरील गुन्हा रद्द केला. दिल्लीत अनेकांनी दंड भरून घरची वाट धरली. ज्यांनी खटला लढवला, त्यांतील 36 जण 15 डिसेंबर 2020 रोजी निर्दोष सुटले. परदेशी नागरिकांना आसरा दिल्याचा आरोप असलेल्या 70 भारतीयांवरील 16 प्रकरणे मात्र दिल्ली उच्च न्यायालयाने थेट 17 जुलै 2025 रोजी रद्द केली. सुटकेला पाच वर्षे लागणे हीच एक शिक्षा होय.

या नियमांची झळ मराठी कुटुंबांनाही बसली. व्हिसास्थगितीसोबत परदेशस्थ भारतीय नागरिकत्व अर्थात ‘ओसीआय’ कार्डधारकांची व्हिसामुक्त प्रवासाची सुविधाही थांबली होती. 7 मे 2020 पासून ‘वंदे भारत’ विमाने सुरू झाली, तेव्हा अमेरिकेत नोकरी गमावलेल्या भारतीय आईवडिलांना विमानात जागा मिळे, पण तिथे जन्मलेल्या त्यांच्या बालकाला मिळत नसे. ‘एच-1बी’ व्हिसाधारकाला नोकरी गेल्यावर साधारण 60 दिवसांत देश सोडावा लागतो, म्हणजे थांबणेही अशक्य आणि निघणेही अशक्य. ही कोंडी 22 मे रोजी काही गटांना सूट दिल्यावर फुटली. अमेरिकेनेही त्याच जुलैमध्ये केवळ ऑनलाइन शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना देश सोडण्यास सांगणारा आदेश काढला आणि आठवडाभरात मागे घेतला.

नव्या कायद्यात मुदतीपेक्षा अधिक वास्तव्य किंवा व्हिसाच्या अटींचा भंग यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. 1946 च्या कायद्यात कैदेची मर्यादा पाच वर्षे होती. सूट देण्याचा अधिकार सरकारकडे कायम आहे. परंतु अधिकार असणे आणि संकटात तो आपोआप लागू होणे यांत अंतर आहे. ते किती मोठे असते, हे 2020 च्या मार्च ते मे या काळाने दाखवले.

त्यामुळे नियमावलीत तीन गोष्टींची भर पडणे गरजेचे आहे. सरकारी आदेशाने सीमा बंद झाल्यास अर्जाविना मुदतवाढ मिळावी. वाहतुकीअभावी झालेला मुदतभंग आणि हेतुपुरस्सर केलेला भंग यांत फरक केला जावा. आणि अल्पवयीन मुलांना पालकांपासून वेगळे न करण्याचा नियम आधीच लेखी असावा. देशाच्या सुरक्षेशी यांपैकी कशाचाही विरोध नाही. पुढील संकटाची तारीख कोणालाच ठाऊक नसते. नियम मात्र आजच लिहिता येतात.