परतीची अट

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ९ डिसेंबर २०२४ रोजी एक सुधारित यादी अंमलात आणली आणि तीत भारताचे नाव नसल्यामुळे तेथील विद्यापीठांत संशोधन करणाऱ्या अनेक भारतीय विद्वानांच्या मानेवरचे जोखड एका दिवसात उतरले. आपल्याकडील विद्यापीठांच्या दफ्तरी मात्र या घटनेची नोंद झाल्याचे दिसत नाही. ही यादी कौशल्यांची. कोणत्या देशाला कोणत्या विद्येत पारंगत झालेल्या माणसांची निकड आहे, हे तीत नमूद असते. त्या देशातून ‘जे-वन’ म्हणजे विनिमय अभ्यागताच्या व्हिसावर आलेल्या आणि त्याच विद्येत काम केलेल्या व्यक्तीने मुदत सरल्यावर मायदेशी जाऊन एकंदर दोन वर्षे वास्तव्य केल्याखेरीज तिला नोकरीचा ‘एच-वन’ व्हिसा किंवा कायम रहिवासाचा परवाना मिळत नाही. पोस्टडॉक मंडळी आपसांत या अटीला ‘टू-इयर रूल’ म्हणतात, आणि लग्ने, घरे, नोकऱ्या व मुलांच्या शाळा यांचे बेत तिच्याकडे पाहूनच आखतात.

या अटीचा उगम दुष्ट हेतूत नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशांत पडून राहिलेल्या अमेरिकन युद्धसामग्रीच्या विक्रीतून येणारा पैसा विद्यार्थी व अध्यापक यांच्या परस्पर देवघेवीसाठी वापरावा, ही आर्कान्सॉचे सिनेटर विल्यम फुलब्राइट यांची कल्पना १९४६ साली कायद्यात उतरली. भारताशी तसा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी होऊन त्यावर पंडित नेहरूंनी स्वाक्षरी केली. आणि १९६१ च्या कायद्याने या व्यवहाराला ‘जे’ व्हिसाचे आजचे रूप दिले. गेलेला माणूस परतलाच नाही तर एका देशाची भर आणि दुसऱ्याची घट एवढेच शिल्लक राहते, म्हणून परतीची अट हवी, हा तर्क मुळात निर्दोष होता. स्वतःच्या खर्चाने ‘एफ-वन’वर जाणाऱ्या विद्यार्थ्याला ती लागू नाही, ज्याच्या शिक्षणावर दोहोंपैकी एका सरकारचा पैसा खर्च झाला, ज्याची विद्या यादीत आहे, किंवा जो डॉक्टर तेथे रुग्णालयीन प्रशिक्षणासाठी गेला, अशा तिघांनाच ती बांधते. यांपैकी यादीचा बंध आता आपल्यापुरता सुटला आहे, आणि पूर्वी तिच्यामुळे अडकलेल्यांनाही ही मोकळीक मिळाली आहे.

परंतु तो बंध सुटण्यापूर्वी आपण त्याचे काय केले? मायदेशाच्या सरकारने हरकत नसल्याचे लिहून दिले तर अट माफ होऊ शकते, अशी तरतूद अमेरिकी कायद्यात आहे, आणि आपल्या सरकारी व्यवहारात या पत्राला ‘नोरी’ असे आटोपशीर नाव पडले आहे. पारपत्र कार्यालय, राज्य शासन आणि केंद्रीय शिक्षण खाते यांच्या ना हरकती एकेक करून जमवाव्या लागतात. मुलगी बोस्टनच्या प्रयोगशाळेत असते आणि शपथपत्रांचे भेंडोळे काखोटीस मारून मंत्रालयाचे जिने चढतात ते तिचे निवृत्त वडील. इतका खटाटोप केल्यावर दाखला मिळतो; सरकार तो फार क्वचितच नाकारत असावे. या साऱ्या कारभारात सरकारजमा झालेली एक अमूल्य वस्तू मात्र कोणी उघडून पाहिल्याचे ऐकिवात नाही. आपल्यातील कोण, कोणत्या विषयात, कोठे काम करीत आहे आणि परतू इच्छीत नाही, याची वर्षानुवर्षांची बाडे या अर्जांच्या रूपाने आपल्याकडे आयती चालून आली. खुद्द नागरिकानेच जर ‘मला मायभूमीस परतण्याच्या बंधनातून मुक्त करा’ असा अर्ज सरकारास केला, तर ‘का बाबा?’ एवढे तरी विचारावयास नको होते काय?

डॉक्टरांची कथा याहून उद्बोधक आहे. आपल्या आरोग्य मंत्रालयाने २०११ साली डॉक्टरांना ‘नोरी’ देणे बंद केले, आणि अमेरिकेत प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरास अमेरिकी कायद्यानेही या पत्राचा आधार घेता येत नाही. म्हणजे दोन्ही सरकारांनी मिळून ही वाट पक्की बुजवली. मग १९९४ पासून चालू असलेली, सिनेटर कॉनराड यांच्या नावाची योजना पाहा. अमेरिकेतील प्रत्येक राज्याला दरसाल ३० परदेशी डॉक्टरांची परतीची अट माफ करवून घेता येते. बदल्यात डॉक्टरने तीन वर्षे वैद्यकीय सेवेची वानवा असलेल्या भागात काम करावयाचे. मायदेशाला गरज आहे म्हणून घातलेली अट परक्या देशाच्या खेड्याला गरज आहे म्हणून उठते! अमेरिकनांना यात दोष देण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. त्यांनी आपल्या खेड्यासाठी नेमकी जागा, नेमका पगार आणि नेमकी मुदत कागदावर मांडली. गडचिरोलीच्या वतीने असा प्रस्ताव परदेशातील मराठी डॉक्टरापुढे कोणी ठेवला होता काय?

परतीचा करार हा काही आपल्याला नवा नाही. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करण्याचा करार करूनच. १९१७ साली ते शब्दाला जागून बडोद्यास रुजू झाले, आणि तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी खानावळीत नाव बदलून आसरा घेतला तर काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला, आणि कचेरीतले शिपाई कागद लांबून टाकीत. खानावळीचा वृत्तान्त त्यांनी स्वतःच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणात लिहून ठेवला आहे. एक पक्ष करार पाळावयास आला होता. दुसरा पक्ष महाराजांपुरताच उदार होता. शहर त्यात सामील नव्हते.

आज त्या जमावाच्या काठ्या नाहीत, असे म्हणून आपण समाधान मानू शकतो. परंतु पाच वर्षे पेशींच्या जनुकांवर किंवा मराठवाड्याच्या भूजलावर काम करून परतलेल्या संशोधकाला महाराष्ट्रातील विद्यापीठे काय देतात, हेही पाहिले पाहिजे. परदेशी पदवीच्या समकक्षतेचा दाखला, मग वर्षानुवर्षे न भरलेली पदे, मग तासिका तत्त्वावरील नेमणूक, जिचा मोबदला त्याच्या अमेरिकेतील घरभाड्यालाही पुरला नसता. केंद्राच्या रामानुजन आणि रामलिंगस्वामी या अधिछात्रवृत्त्या परतणाऱ्यांसाठीच आहेत व त्यांची योजना चांगली आहे; पण पाच वर्षांनंतर कायम पद मिळेलच, अशी हमी त्यांत नाही.

उलट दिशेचा प्रवास यापेक्षा फलदायी ठरला, हे मला नेहमी नवलाचे वाटते. १९६३ च्या सुमारास फुलब्राइट शिष्यवृत्तीवर इंग्रजी शिकवावयास भारतात आलेल्या गेल ऑम्व्हेट पुढे महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळीवर बर्कलेमध्ये प्रबंध लिहितात, सांगली जिल्ह्यातील कासेगावी संसार थाटतात आणि १९८३ साली भारताचे नागरिकत्व घेतात. त्यांना ना कोणत्या अटीने आणले, ना कोणत्या अटीने येथे ठेवले. येथे त्यांना करण्याजोगे काम दिसले.

तिकडची हवाही आता पालटली आहे. अभ्यासक्रम चालू असेपर्यंत राहू देण्याची जुनी रीत मोडून विद्यार्थी व विनिमय अभ्यागतांना कमाल चार वर्षांची ठरीव मुदत घालण्याचा प्रस्ताव तेथील सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला, आणि त्याआधी मे महिन्यात नव्या व्हिसा-मुलाखती काही आठवडे थांबवल्याही होत्या. म्हणजे यादीने सोडलेली माणसे आता निराळ्या कारणाने परतीचा विचार करू लागतील. विद्यापीठांनी रिक्त पदांच्या जाहिराती वर्षातून ठरल्या महिन्यात काढाव्यात, मुलाखती दूरदृश्य पद्धतीने घ्याव्यात, आणि परतणाऱ्यास कायम पद मिळेतो पूर्ण वेतनावर दोन वर्षे ठेवून घेण्याची तरतूद राज्य शासनाने करावी. पत्रे कोणाकोणाला पाठवायची, हा प्रश्न पडलाच तर ‘नोरी’च्या जुन्या अर्जांपासून आरंभ करता येईल, ते मंत्रालयातील एखाद्या कपाटात असतीलच.