नाकाला हात लावणारी माणसं

आमच्या बँकेला अधूनमधून आपल्या कारकुनांना शहाणं करून सोडण्याची उबळ येते. चार वर्षांपूर्वी ती अशीच आली आणि आम्हां वीस जणांना एका हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये 'ग्राहकाची देहबोली' या विषयावर दिवसभर बसवण्यात आलं. टाय लावलेल्या एका तरुणाने खोटं बोलणारा माणूस कसा ओळखावा ते शिकवलं. तो नजर चुकवतो, घाम पुसतो, अडखळतो आणि नाकाला हात लावतो. मला बाराही महिने सर्दी. म्हणजे जन्मात मी एकही वाक्य खरं बोललेलो नाही! पण जेवण झकास होतं, गुलाबजाम दोन होते, त्यामुळे वाद कुणी घातला नाही. मीही नाही. तो आज घालतो.

घालण्याचं कारण एक आजोबा. शिबिरानंतरच्याच सोमवारी ते काउंटरवर आले. पैसे काढायच्या स्लिपवरची सही कॉम्प्युटरमधल्या सहीशी काही केल्या जुळेना. "आजोबा, ही सही तुमचीच का?" असं विचारल्याबरोबर त्यांनी मान खाली घातली, कपाळ पुसलं, "म्हंजे... हो... माझीच की," म्हणाले आणि वर नाक खाजवलं. चारी लक्षणं! मला तर शिबिराचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. ओळखीचं कुणी घेऊन या, असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं.

चार दिवसांनी ते शेजाऱ्याला घेऊन आले. हाताला कंप सुटला होता, आणि तो चारचौघांत सांगायची लाज वाटत होती, एवढीच भानगड. पैसे आजींच्या औषधांसाठी हवे होते. "मेडिकलवाल्यानं उधार दिलं हो चार दिवस," असं ते म्हणाले, जणू माझीच समजूत काढायला हवी होती. दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेऊन पैसे देण्याची सोय नियमात आहे. मला ती तोंडपाठ आहे. पण नियम बघायचे सोडून मी नाक बघत बसलो होतो.

आता, नजर चुकवण्याचं घ्या. आमच्या पिढीने वडिलांच्या डोळ्यांत बघून उत्तर दिलं की पाठीत धपाटा बसत असे, "वर तोंड करून बोलतोस?" म्हणून. त्या धपाट्यांवर वाढलेल्या माणसाने साहेबापुढे मान खाली घातली तर तो चोर? पण ही समजूत काही आपल्याकडचीच नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५८ देशांतल्या लोकांना विचारलं होतं, की खोटारडा कसा ओळखाल? सगळ्यांत जास्त आलेलं उत्तर हेच, की तो नजर चुकवतो. आणि त्याच वर्षी बाँड आणि डीपॉलो या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दोनशेवर अभ्यासांची गोळाबेरीज मांडली, तर माणसाला खरंखोटं अचूक ओळखता येण्याचं प्रमाण निघालं शंभरात ५४. नाणं उडवलं तरी पन्नास येतात. वरच्या चारांसाठी हॉटेल, टाय आणि गुलाबजाम!

"मग ते यंत्र आहे ना?" असं म्हणणारे असतातच. ते यंत्र श्वास, रक्तदाब आणि घाम मोजतं. खोटं मोजत नाही. आल्ड्रिच एम्स हा सीआयएचा अधिकारी १९८५ पासून रशियनांना गुपितं विकत होता. १९८६ आणि १९९१ मध्ये त्याला या यंत्राला जोडलं. पठ्ठ्या दोन्ही वेळा पास. इकडे वर्षाचा पगार ७०,००० डॉलरांच्या आत आणि १९८९ मध्ये घर घेतलं ५,४०,००० डॉलरांचं, तेही रोखीनं! शेवटी कुणीतरी त्याच्या सोव्हिएत वकिलातीतल्या माणसाबरोबरच्या भेटींच्या तारखा आणि बँकेत पैसे भरल्याच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या. १९९४ मध्ये बेड्या पडल्या. याला आम्ही रिकन्सिलिएशन म्हणतो आणि वाढीव पगाराशिवाय रोज करतो. (आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगून ठेवलंय, की माणसाच्या संमतीशिवाय ही चाचणी घेता येणार नाही. यंत्रविक्यांनी ते जरूर वाचावं.)

आमच्याच एका शाखेत एक हसतमुख तरुण कर्ज घेऊन गेला तो गेलाच. शाखा कुठली ते विचारू नका, मला अजून नोकरी करायची आहे. "काय डोळ्यांत डोळे घालून बोलतो!" हे मॅनेजरसाहेबांचं सर्टिफिकेट. त्याच्या पगारपत्रकावर मूळ पगार, महागाई भत्ता आणि घरभाडं यांची बेरीज खालच्या आकड्यापेक्षा नऊशे रुपयांनी कमी येत होती. बेरीज कुणी केलीच नव्हती. सगळे डोळे बघत होते.

आमच्या घरी हा गाढवपणा चालत नाही. डॉक्टरांनी मला तळकट बंद केलंय. परवा उशिरा घरी आलो आणि छातीठोकपणे, तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "ऑडिट होतं." आता आमचं खातं जॉइंट, आणि एसएमएस जातो तिच्या मोबाइलवर.

"अहो, चाळीस रुपये म्हणजे दोन वडे ना?" तिने शांतपणे विचारलं. मी नाक खाजवत होतो. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.